'माणूस' आणि अतिनाट्याची लाज

मराठी समीक्षेत काही शब्द असे आहेत की ते उच्चारले म्हणजे पुढे विचार करण्याची जबाबदारी उरत नाही. 'मेलोड्रामा' हा त्यांपैकी अग्रगण्य. एखादी कादंबरी, नाटक वा चित्रपट 'मेलोड्रॅमॅटिक' आहे असे म्हटले की ऐकणारा समजूतदारपणे मान हलवतो आणि कलाकृतीचा निकाल लागतो. व्ही. शांताराम यांच्या 'माणूस' (१९३९) या चित्रपटाविषयी जे काही आमच्या वाचनात आणि ऐकण्यात आले, त्यात हा निकाल दोन प्रकारे लागलेला दिसतो. एक पक्ष म्हणतो, चित्रपट थोर आहे, कारण त्याचा सामाजिक आशय पुरोगामी आहे. मेलोड्रामा हा त्या काळाचा दोष, तो पोटात घालावा. दुसरा पक्ष म्हणतो, छायाप्रकाश, भिजलेल्या गल्ल्या, कॅमेऱ्याची नजर हे सारे अप्रतिम, कथा मात्र रडकी. म्हणजे एकाने आशय उचलला, दुसऱ्याने छायाचित्रण उचलले, आणि मेलोड्रामा दोघांनी मिळून उकिरड्यावर टाकला. आमचे म्हणणे असे की 'माणूस'चा सारा विचार त्या टाकलेल्या भागातच आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. गणपत हा सचोटीचा, साधा पोलीस शिपाई. एका धाडीच्या रात्री तो मैना नावाच्या वेश्येला वाचवतो. ओळख वाढते, प्रेम जमते. तिला त्या वस्तीतून बाहेर काढावे, संसारात आणावे असे त्याच्या मनाने घेतले आहे. पण मैना जेथे जाईल तेथे तिची ओळख तिच्या आधी जाऊन पोचते. गणपतची आई देवभोळी, कर्मठ. तरीही ती मैनेचा स्वीकार करावयास तयार होते. अडखळते ती मैनाच. त्या घराच्या पावित्र्यापुढे तिला उभे राहवत नाही आणि ती निघून जाते. पुढे तिच्या जिवावर जगू पाहणाऱ्या दुष्ट मामाचा तिच्या हातून खून होतो. गणपत तिला सोडवू पाहतो. ती नकार देते आणि तुरुंगात जाते. गणपत कोसळतो, पण देवदास होत नाही, जगतो. प्रमथेश बरुआंच्या 'देवदास'ने १९३५ पासून देशभर जी लाट उसळवली होती तिला हे उत्तर होते, हे सर्वश्रुत आहे.

शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांच्या या भूमिका. पडद्यावर कृष्ण साकारणाऱ्या मोडकांना शिपायाचा गणवेश देणे यातही शांतारामांचा एक डाव आहे, पण तो विषय लांबेल. कथा ए. भास्करराव यांची, मराठी संवाद आणि गीते अनंत काणेकरांची, संगीत मास्टर कृष्णरावांचे, छायालेखन व्ही. अवधूत यांचे. हिंदी आवृत्ती 'आदमी' या नावाने निघाली. 'कुंकू' (१९३७), 'माणूस' आणि 'शेजारी' (१९४१) अशी ही 'प्रभात'ची त्रयी आपल्याकडे एका दमात सांगण्याची रीत आहे, आणि आमच्या मते घोळाची सुरुवात तेथेच होते. कारण त्या रीतीत तिन्ही चित्रपटांना एकेक 'प्रश्न' चिकटवला जातो. 'कुंकू'ला जरठबाला विवाहाचा, 'माणूस'ला वेश्योद्धाराचा, 'शेजारी'ला हिंदू-मुस्लिम ऐक्याचा. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हे छान बसते. 'माणूस' मात्र त्यात बसत नाही, कारण त्यात उद्धार होतच नाही.

ही गोष्ट साधी दिसते, परंतु तिच्यावर कुणी थांबत नाही. मराठी सुधारणावादी साहित्याची एक भक्कम वाट आहे. देवलांच्या 'शारदे'ला (१८९९) म्हाताऱ्याच्या हातून सोडवले जाते. 'कुंकू'मधील नीराला तिचा वृद्ध पती स्वतःचा जीव देऊन मोकळे करतो. अन्याय आहे, अन्यायाला तोंड फुटते, आणि अखेरीस कुणीतरी दार उघडते. 'माणूस'मध्ये दार उघडे आहे. दार उघडणारा तरुण आहे, भला आहे, प्रेम करणारा आहे; त्याची आईसुद्धा उंबरठ्यावर उभी आहे. आणि जिच्यासाठी ते उघडले ती आत येत नाही. सुधारकाच्या हाती सर्व काही दिल्यानंतर त्याचे हात रिकामे ठेवणारा दुसरा मराठी चित्रपट निदान आम्हांला चटकन आठवत नाही.

आता हे सारे अंधारात का घडते, याचा विचार करू.

'फिल्म नुआर' हा शब्द हल्ली आपल्याकडेही सैलपणे वापरला जातो. पाऊस, टोपी, सिगारेटचा धूर आणि जिन्यावरची सावली एवढे जमले की झाले 'नुआर'. या शब्दाचा इतिहास मात्र मोठा बोलका आहे. युद्धाच्या काळात अडकून पडलेले अमेरिकन चित्रपट १९४६ साली एकदम पॅरिसमध्ये दाखल झाले, 'द माल्टीज फाल्कन', 'डबल इंडेम्निटी', 'लॉरा' यांसारखे. आणि नीनो फ्रँक या समीक्षकाने त्यांच्यातील काळोख्या वृत्तीला हे नाव दिले. पण त्याही आधी, तिसाव्या दशकाच्या अखेरीस, 'ल के दे ब्रुम' (१९३८) यांसारख्या फ्रान्सच्याच उदास, धुक्याने भरलेल्या चित्रपटांना हिणवण्यासाठी तेथील वृत्तपत्रांत 'काळा' हे विशेषण वापरात होते. म्हणजे आज ज्याची बिरुदावली मिरवली जाते, तो शब्द मुळात एक शिवीच होता. 'मेलोड्रामा'चे भाग्य अद्याप तसे उजळलेले नाही, इतकेच.

हा इतिहास सांगण्यामागे 'आमच्याकडे हे आधीच होते' असा टेंभा मिरवण्याचा हेतू नाही. तो एक रोगच आहे; पश्चिमेने नाव दिले की आपण आपल्या कोठारात शिरून त्या नावाचे धान्य शोधू लागतो. तरीही तारखा तारखाच असतात. 'माणूस' १९३९ चा. अमेरिकेतील ज्या चित्रपटांपासून 'नुआर'ची परंपरा मोजतात ते १९४० आणि १९४१ चे. शांतारामांना हा काळोख हॉलिवूडकडून घेण्याची गरज पडली नाही, कारण जेथून हॉलिवूडने तो घेतला तेथे ते स्वतःच जाऊन आले होते. 'सैरंध्री' (१९३३) या चित्रपटाच्या रंगीत प्रतींच्या कामासाठी ते जर्मनीला गेले. रंग काही नीट साधला नाही. परतल्यावर त्यांनी 'अमृतमंथन' (१९३४) केला आणि त्यातील राजगुरूचा तो पडदा व्यापणारा डोळा मराठी प्रेक्षक विसरलेला नाही. रंग आणावयास गेलेला माणूस काळोख घेऊन आला, असे आम्ही वर्गात सांगतो. विद्यार्थ्यांना ते आवडते.

'माणूस'मधील काळोख मात्र 'अमृतमंथन'सारखा भव्य नाही. तो गल्लीतला आहे. शिपायाच्या रात्रपाळीचा आहे. रस्त्यावरचा दिवा, भिजलेली फरशी, बंद दारे, आणि त्या मधल्या वर्तुळात दोन माणसे. गणपत आणि मैना भेटतात ते बहुधा अशा उधार घेतलेल्या उजेडात. घरातला स्वच्छ, सपाट उजेड हा आईचा. तेथे मैना अवघडते. येथे प्रकाश आणि नीती यांचे नेहमीचे समीकरण उलटे आहे. सामान्यतः काळोखात पाप आणि उजेडात पुण्य. या चित्रपटात मात्र अंधारात दोन माणसे एकमेकांना ओळखतात आणि उजेडात एक बाई आपली 'पत' ओळखते. हे केवळ छायाचित्रकाराचे कौशल्य आहे, कथेशी त्याला देणेघेणे नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी कथा पाहिलेली नाही आणि छायाचित्रणही पाहिलेले नाही.

आणखी एक मुद्दा. गणपत मैनेला धाडीत वाचवतो, म्हणजे कर्तव्यात कसूर करतो. या प्रेमकथेचा पहिलाच क्षण एका शिपायाने केलेल्या कायदेभंगाचा आहे. चित्रपटाच्या शेवटी तो तिला सोडवू पाहतो तेव्हा तीच गोष्ट दुसऱ्यांदा, मोठ्या प्रमाणावर घडणार असते. पहिल्या वेळी तिने त्याला तो कायदेभंग करू दिला. दुसऱ्या वेळी ती नाही म्हणते. या दोन प्रसंगांच्या मध्ये ती किती अंतर चालली आहे हे संवादात कुणी सांगत नाही. कथेच्या त्या तथाकथित ढोबळ, अतिरंजित रचनेतूनच ते कळते. धाड, प्रेम, पलायन, खून, नकार हा क्रम कुणाला बटबटीत वाटेल. पण तो क्रम काढला तर नकाराला वजन उरत नाही.

येथे पश्चिमेकडील एका चित्रपटाशी तुलना उपयोगी पडेल. मायकेल कर्टीझ दिग्दर्शित 'मिल्ड्रेड पिअर्स' (१९४५) हा नुआर आणि मेलोड्रामा यांच्या संयोगाचा नेहमी दिला जाणारा दाखला. जेम्स केनच्या मूळ कादंबरीत खून नाही. आईची कथा, मुलीची कथा, स्वयंपाकघरातून उभ्या राहिलेल्या धंद्याची कथा, एवढेच आहे. चित्रपटाने तिला खुनाची चौकट दिली. पोलिसांची खोली, रात्र, सावल्या वरून आल्या. आणि शेवटी सकाळ होते, मिल्ड्रेड आपल्या पहिल्या नवऱ्यासोबत उजेडात बाहेर पडते, विस्कटलेले सारे पुन्हा जागच्या जागी बसते. चित्रपट उत्तम आहे, जोन क्रॉफर्डला त्यासाठी ऑस्कर मिळाले ते योग्यच. तरीही त्यातील रात्र ही वरून पांघरलेली आहे. 'माणूस'मध्ये रात्र आणि अश्रू एकाच मुळातून येतात, आणि मैनेसाठी तशी सकाळ होत नाही. आमच्या मते या मुद्द्यावर आपला चित्रपट अधिक धाडसी आहे.

आता मेलोड्रामाकडे वळू. या शब्दातील 'मेलॉस' म्हणजे गाणे. गाण्याने तोललेले नाट्य, हा त्याचा मूळ अर्थ. ज्या भाषेत १८८० च्या 'शाकुंतला'पासून संगीत नाटकाने दोन-तीन पिढ्यांचे कान घडवले, त्या भाषेतील प्राध्यापकांना या शब्दाची लाज वाटावी यासारखा विनोद नाही. आमच्याच विदर्भात, सावनेरला, १९१९ च्या जानेवारीत राम गणेश गडकरी वारले. 'एकच प्याला' त्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आला. तो आम्ही अजूनही शिकवतो. कसा शिकवतो? तळीरामाचा विनोद बाजूला काढतो, भाषेचे वैभव बाजूला काढतो, आणि सिंधूचे दुःख जरा ओशाळून, 'आजच्या वाचकाला हे अतिरेकी वाटेल' अशी प्रस्तावना करून शिकवतो. चित्रपटाशी आपण जे करतो तेच नाटकाशीही करत आलो आहोत. आधी फाडाफाड, मग निवड.

पीटर ब्रुक्स या अभ्यासकाने १९७६ साली मेलोड्रामावर जे पुस्तक लिहिले त्याचा गाभा असा की फ्रेंच राज्यक्रांतीनंतर नीतीला आधार देणारी जुनी धर्मव्यवस्था ढासळली, आणि बरे-वाईट काय हे ओळखता यावे म्हणून ते मोठ्या हावभावांत, मोठ्या आवाजात मांडण्याची गरज या नाट्यप्रकारातून पुरी झाली. हा विचार मोलाचा आहे, पण मोझरीत बसून तो वाचताना आम्हांला थोडे हसूही येते. आमच्याकडे धर्मव्यवस्था ढासळण्याची वाट न पाहता हे काम चालू होते. तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) १९३५ साली येथे गुरुकुंज आश्रम उभा केला आणि हातात खंजिरी घेऊन गावोगाव जे सांगितले ते निबंधातून सांगितले नाही, गाण्यातून सांगितले. गाडगेबाबांची कीर्तने घ्या. त्यांत श्रोत्याला प्रश्न होते, टोले होते, गजर होता, लोक रडत होते आणि रडता रडता स्वतःचे कर्ज, दारू, नवसाचे बकरे यांच्याविषयी विचार करत होते. भावना उसळणे आणि विचार जागणे या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी आहेत, असे त्यांपैकी कुणालाही वाटले नाही. आज अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचे नाव आहे, नागपूरच्या विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचे. श्रोत्याला हलवण्याच्या विद्येत या दोघांचा हात धरणारा दुसरा नव्हता. आणि त्यांच्याच नावाने चालणाऱ्या विद्यापीठांत, आमच्यासारखेच पदवीधर, विद्यार्थ्यांना काय शिकवतात? हलू नका, ते अभिरुचीला धरून नाही.

कुणी म्हणेल, भजन-कीर्तन वेगळे, चित्रपट वेगळा. भक्तीचा उमाळा आणि पडद्यावरचा उमाळा यांची सरमिसळ करू नका. मान्य. आम्ही त्यांची सरमिसळ करत नाही, ऐकण्याच्या सवयीविषयी बोलतो आहोत. गुरुकुंजात दरवर्षी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो लोक मौन श्रद्धांजली वाहतात. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की त्या शांततेला एक घनता असते. ती कोठून येते? त्याआधी चाललेल्या भजनांतून, खंजिरीतून, दिंड्यांतून, गजबजाटातून. नुसत्या गप्प उभ्या असलेल्या गर्दीला तशी शांतता लाभत नाही. मैनेच्या नकाराचेही तसेच आहे. तिच्या त्या प्रसिद्ध बहुभाषी गाण्याशिवाय तो पोकळ वाटला असता.

त्या गाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहावेच लागेल. मैना आपल्या गिऱ्हाइकांसमोर गाते, आणि ज्या प्रांताचा माणूस समोर असेल त्याच्या भाषेत गाते. उद्याची काळजी कशाला, असा त्याचा भाव. ते इतके लोकप्रिय झाले की पुढे शांता हुबळीकरांनी आपल्या आत्मचरित्राचे नावही त्याच्या मुखड्यावरून ठेवले. लोक ते 'प्रभात'चे एक गोड, मिश्कील गाणे म्हणून गुणगुणतात. पण ते गाणे काय करते ते पाहा. प्रत्येकाला ती त्याच्या मातृभाषेत 'आज' विकते. सर्व भाषांत बोलू शकणाऱ्या या बाईला स्वतःची अशी एकही भाषा नाही, कारण जी भाषा ती बोलेल ती गिऱ्हाइकाची असेल. आईच्या घरात ती अडखळते तेव्हा तिला तेथील भाषा येत नाही असे नाही. ती भाषाही आपण पुन्हा कुणाला तरी खूष करण्यासाठीच बोलू, ही भीती तिला वाटत असावी. अखेरीस ती गणपतला 'नाही' म्हणते, आणि कुणाच्याही सोयीचा नसलेला असा तो तिचा पहिलाच शब्द ठरतो. गाणे, म्हणजे तोच तो 'मेलॉस', काढून टाका. या 'नाही'चा अर्थ तुम्हांला लागणार नाही.

गंमत म्हणजे शांतारामांना स्वस्त भावविवशतेची चीड होती, आणि ती याच चित्रपटात आहे. फिरावयास गेलेल्या गणपत-मैनेला एका ठिकाणी चित्रपटाचे चित्रीकरण चाललेले दिसते. नायक-नायिका निसर्गाच्या सान्निध्यात लाडिक प्रेमगीत गात आहेत. 'बॉम्बे टॉकीज'च्या धाटणीची ती उघड टवाळी आहे. म्हणजे दिग्दर्शकाला खोटा उमाळा आणि खरा उमाळा यांतला फरक ठाऊक होता, इतकेच नव्हे तर तो प्रेक्षकाला हसत हसत दाखवून मग पुढच्या काळोखात नेण्याइतका तो सावध होता. अशा माणसाचा मेलोड्रामा 'त्या काळाचा दोष' म्हणून माफ करणे हा आगाऊपणा झाला.

गतवर्षी आम्ही बी. ए. च्या विद्यार्थ्यांना हा चित्रपट दाखवला. महाविद्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आधीच बजावले होते की मुले पहिल्या अर्ध्या तासात मोबाईल काढतील. 'सैराट' पाहिलेली पिढी, हिला कृष्णधवल रडगाणे काय पचणार? काहींनी काढलेही, ते नाकारण्यात अर्थ नाही. संवादांची जुनी लकब ऐकून थोडी खसखसही पिकली. पण मैनेच्या नकारानंतर खोलीत जी चर्चा झाली ती आमच्या कित्येक चर्चासत्रांहून सरस होती. "सर, हे काहून नाही म्हनते?" असा एकाचा प्रश्न. त्याला उत्तर आम्ही देण्याआधीच मागच्या बाकावरून एका मुलीने दिले, "त्यानं तिले नाई वाचवलं, तिनंच त्याले वाचवलं ना जी." एवढ्या थोड्या शब्दांत 'माणूस'चे याहून अचूक परीक्षण आम्ही वाचलेले नाही. आणि हे तिला छायाप्रकाशाच्या सिद्धान्तामुळे उमगले नव्हते. ती हलली होती, म्हणून उमगले.

'सैराट'चा उल्लेख आलाच आहे तर एक नोंद करू. २०१६ साली त्या चित्रपटाची चर्चा शिगेला असताना, शेवटच्या निःशब्द प्रसंगाची थोरवी गाणारे आणि पूर्वार्धातील गाण्यांना 'धंद्याची तडजोड' म्हणणारे अनेक जाणकार आम्हांला भेटले. तीच फाडाफाड. जणू तो वाद्यवृंद, ते बागडणे, ते विहिरीतले पोहणे यांच्याशिवाय त्या शेवटच्या शांततेने कुणाचा श्वास रोखला गेला असता! शांतता तेवढी कला आणि आवाज तेवढा बाजार, ही वाटणी नेमकी कोणत्या वर्गाच्या कानांना सोयीची आहे, याचा विचार व्हावयास हवा.

आता आमच्या बाजूच्या सर्वांत कठीण आक्षेपाकडे येतो. तो वास्तववाद्यांचा नाही, स्त्रीवादी अभ्यासकांचा आहे, आणि तो पोकळ नाही. त्या म्हणतात: मैनेच्या नकाराचे एवढे कौतुक कशाला? 'पतित' स्त्रीने संसाराची पायरी चढू नये, प्रायश्चित्त म्हणून तुरुंगात जावे आणि नायकाला त्याचे उरलेले आयुष्य परत करावे, हीच तर पुरुषी व्यवस्थेची इच्छा. चित्रपटाने ती मैनेच्या तोंडून वदवून घेतली एवढेच. गणपत जगतो, मैना गजाआड जाते. 'जगण्यासाठी जगा' हा संदेश कुणाच्या किमतीवर?

या आक्षेपातील निम्मी गोष्ट आम्हांला मान्य आहे. किंमत मैनाच देते, यात शंका नाही. पण चित्रपट त्या किमतीला न्याय म्हणतो का? जेथे पापी स्त्रीला शिक्षा होऊन जग पुन्हा स्वच्छ झाल्याचे समाधान दिले जाते, तेथे कथा व्यवस्थेच्या बाजूची. 'माणूस' ते समाधान देत नाही. मामाच्या खुनात आपली सहानुभूती पूर्णपणे मारणाऱ्या हाताकडे असते. कायदा आपले काम करतो आणि ते काम अपुरे वाटते. शिपाई हाच नायक असल्यामुळे ते अधिकच अपुरे वाटते. मेलोड्रामाचे सामर्थ्य येथे कळते. वास्तववादी चित्रपटाने कदाचित दाखवले असते की 'असे घडते'. मेलोड्रामा आपल्याला ओरडून सांगतो की हे घडू नये, आणि त्याच वेळी ते घडवतो. मैना शिक्षा पत्करते ती आपण पापी आहोत म्हणून, की गणपतच्या हातून वाचण्याचा कंटाळा आला म्हणून, हे ठरवण्याचे काम चित्रपट प्रेक्षकावर सोडतो. वर्गातील त्या मुलीने एक उत्तर दिले. दुसरी मुलगी तिच्याशी अजिबात सहमत नव्हती. तिच्या मते मैनेने आईच्या घरातच पाय रोवायला हवा होता, आणि न रोवणे ही लेखकाची भीती होती. दोघींचा वाद मिटला नाही, तो मिटावा असे आम्हांला वाटतही नाही.

चित्रपट निर्दोष आहे असा आमचा दावा नाही. काही ठिकाणी उपदेश डोके वर काढतो. विनोदी प्रसंग आजच्या मोजमापाने लांबतात. मामाला थोडे माणूसपण दिले असते तर खुनाची बोच वाढली असती. पण हे दोष मेलोड्रामाचे नाहीत, मेलोड्रामा कमी पडल्याचे आहेत. जेथे दिग्दर्शकाचा भावनेवरचा विश्वास ढळतो तेथे तो भाषण सुरू करतो.

कृष्णधवल असणे म्हणजे काहीतरी उणे असणे, ही समजूतही याच अभिरुचीचे अपत्य. १९६४ साली राजा परांजपे यांनी 'पाठलाग' केला, एका स्त्रीच्या दोन चेहऱ्यांचे रहस्य, न्यायालय, सावल्या यांनी भरलेला. १९६६ साली त्यावरून राज खोसलांनी हिंदीत 'मेरा साया' केला तो रंगीत. नावात साया आला आणि पडद्यावरची सावली गेली! 'मेरा साया'ची गाणी घरोघरी पोचली. 'पाठलाग'चे नाव काढले तर आजचे मराठीचे पदव्युत्तर विद्यार्थी विचारतात, तो कोणता? जुन्या चित्रपटांना संगणकावर रंग चढवण्याची लाट २००४ नंतर काही काळ आली होती. 'माणूस' तिच्यातून सुटला हे बरेच झाले. त्याला रंग दिला तर गल्लीतला दिवा आणि देवघरातला दिवा एकाच पिवळ्या रंगाचे होतील.

आणि ज्या फितींवर हा काळोख उमटला त्यांचे आयुष्य किती? पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील नायट्रेट फिल्म्सच्या कोठाराला जानेवारी २००३ मध्ये आग लागली आणि 'प्रभात'च्या ठेव्यासह बरेच काही त्यात गेले. जे प्रतींच्या रूपाने उरले आहे ते पाहण्याची निकड आपल्याला वाटत नाही, कारण पाहण्याआधीच आपला निकाल तयार असतो. मूळ फिती आगीत जातात, आणि उरलेल्या प्रती शेऱ्यांखाली गाडल्या जातात. दुसऱ्या नुकसानीची चौकशी समितीही नेमता येत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे अभ्यासक्रम सध्या पुन्हा बांधले जात आहेत. 'साहित्य आणि चित्रपट' असा घटक बहुतेक ठिकाणी येतो, आणि त्यात कादंबरीवरून केलेला एखादा सभ्य, संयत चित्रपट नेमून मंडळी मोकळी होतात. आमचा प्रस्ताव असा आहे की त्या घटकात 'एकच प्याला' आणि 'माणूस' शेजारी शेजारी ठेवावेत; दोन्हींतून 'सामाजिक प्रश्न' हे उपशीर्षक काढावे; आणि परीक्षेत एक प्रश्न अनिवार्य असावा, की मैना नाही का म्हणते. हा प्रस्ताव आम्ही पुढील बैठकीत लेखी मांडणार आहोत. त्याला विरोध होईल हे गृहीत धरले आहे. विरोध करणाऱ्यांनी बैठकीला येण्यापूर्वी चित्रपट एकदा सलग, गाणी पुढे न सरकवता पाहावा, एवढी विनंती.